सोडियम सावकाश चढवायचं असतं

२८ एप्रिल. सोमवार, आमच्या भागात लाईट जायचा दिवस. मिरची कुटायचा डंक बंद, म्हणून मी मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. आमचं मिरची कांडपाचं दुकान आहे. मार्च ते मे अर्ध्या पेठेची वर्षाची चटणी आमच्याकडं कुटली जाते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून केलेला तिखट मसाला. भाजी, आमटी, रस्सा, सगळ्यात तोच जातो. त्यात मीठ कुटतानाच पडतं.

एक गिऱ्हाईक बाई आल्या. माझं कधी होईल, असं विचारलं. मला "उद्या दुपारी" म्हणायचं होतं, तोंडातून "लसूण" आलं. त्या म्हणाल्या, लसूण आणलाय की, पिशवीत हाय. मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा लसूणच. त्या हसल्या, मीही हसले. त्यांची पिशवी आत ठेवायला उठले, तिथून पुढचं मला आठवत नाही. मी मिरच्यांच्या ढिगावर पडले, हातपाय झटकले, दातखीळ बसली, हे सगळं नंतर ऐकलं. त्या बाईंनी कांदा फोडून नाकाला लावला. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, रिक्षा बोलावली आणि वाटेत मला पाणी पाजायचा प्रयत्न केला. ऊन लागलंय असं त्यांना वाटलं. त्याआधीचे दोन महिने घरात सगळ्यांना तेच वाटत होतं.

कमी म्हणजे बंद

फेब्रुवारीत बीपी निघालं. गोळी सुरू झाली, लघवीवाटे पाणी आणि क्षार काढणारी. मीठ कमी करा, असंही सांगितलं. अर्धवट काम मला जमत नाही. मी मीठ बंद केलं. घरच्या वापराची चटणी स्वतःच्या डंकावर बिनमिठाची कुटून घेतली. गिऱ्हाइकाची चटणी झाली की बोटानं चाखायची सवय होती, तीही मोडली. बाकीच्यांनी ताटात वरून मीठ घ्यायचं, असा नियम केला.

सासूला आम्ही आत्ती म्हणतो. आमच्या आत्ती पहिल्याच दिवशी ताट पुढं सारून म्हणाल्या, "शालन, हे ढोरं तरी खातील काय बघ."

उन्हाळ्यात डंकापाशी घामाच्या धारा लागतात. घामाबरोबर मीठ जातं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी घाम गाळत होते, गोळी घेत होते, मीठ खात नव्हते, आणि वर तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते, कारण पाण्यानं सगळं साफ होतं असं कुणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं. डोकं दुखायचं, मळमळायचं, चालताना तोल जायचा. तक्रार केली की घरातले म्हणायचे, पाणी पी. मग मी आणखी पाणी प्यायचे.

हे सविस्तर लिहितेय कारण दवाखान्यातून आल्यापासून गल्लीतल्या बायका मला विचारतात, मीठ सोडू का? माझं उत्तर एकच. कमी करायला सांगितलं असेल तर कमी करा. किती कमी, ते विचारून घ्या. डोकं जड वाटायला लागलं तर रक्त तपासून घ्या. मनानं काही सोडू नका, गोळीसुद्धा.

पिवळा दिवा

रिपोर्ट आला. सोडियम एकशे बारा. पाहिजे एकशे पस्तीसच्या वर.

आमचे मालक रस्त्यावरच्या दिव्यांचे वायरमन होते, आता रिटायर आहेत. त्यांना सोडियम म्हणजे खांबावरचा पिवळा दिवा एवढंच माहीत. डॉक्टर मॅडमनी सोडियम फार कमी झालंय असं सांगितलं, तेव्हा ते गोंधळून म्हणाले, "ते तर आता सगळीकडचंच काढलं की हो, एलईडी लावल्यात." मॅडमना वाटलं, माणूस धक्क्यानं भ्रमला. त्यांनी ह्यांना आधी खुर्चीवर बसवलं.

मला हे आमच्या मुलीनं, ऋतुजानं, नंतर सांगितलं. मी हसले, मग थोडी रडले. लगेच नर्सबाईंनी येऊन तोंडाला ओला कापूस लावला. पाणी बंद होतं. दिवसभरात चहाचे दोन-तीन कप होईल एवढंच, तेही मोजून. एवढी तहान मी जन्मात सोसली नव्हती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी ग्लासातून पाणी पिताना आवाज करायची. तिचा मला इतका राग यायचा की त्यावरूनच आपण जिवंत आहोत हे कळायचं.

अतिदक्षता विभागात दिवस आणि रात्र सारखीच. ठरावीक वेळानं हातातून रक्त काढायचे. नाव विचारायचे, गाव विचारायचे, समोर कोण उभं आहे विचारायचे. पहिल्या दिवशी ह्यांच्याकडं बघून मी म्हणे "वायरमन" असं सांगितलं. चुकीचं नव्हतं.

फोडी आणि मीठ

मुरगूडहून दादा आला. माझा थोरला भाऊ, शेती आणि चार म्हशी. आल्या आल्या त्यानं मॅडमना गाठलं. मीठच कमी आहे ना, मग एका बाटलीच्या जागी दोन लावा की, पैशाचं काय असंल ते बघू. मॅडम म्हणाल्या, चोवीस तासांत आठ अंक चढवायचे, त्याहून जास्त नाही. झटका थांबवायपुरतं सुरुवातीला लावलं, आता सावकाश.

दादाला हे पटेना. बुडणाऱ्याला कुणी सावकाश काढतं का, असं त्याचं म्हणणं.

मॅडम तरुण होत्या, पण संयम मोठा. त्यांनी मला समजेल असं सांगितलं, आणि मी ते माझ्या भाषेत इथं लिहिते. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की फोडी पाणी सोडतात. मीठ जिकडं जास्त, तिकडं पाणी ओढलं जातं. माझं रक्त दोन महिन्यांत हळूहळू पांचट झालं. मग रक्तातलं पाणी मेंदूत शिरायला लागलं, कारण खारटपणा आता तिकडं जास्त. कवटी काही ताणत नाही, त्यामुळं मेंदूनं आपल्या परीनं बचाव केला. स्वतःच्या आतले क्षार बाहेर टाकून दिले आणि रक्ताएवढाच पांचट होऊन बसला. आता रक्त एकदम खारट केलं तर काय होणार? बिचाऱ्या मेंदूची फोड होणार. त्यातलं पाणी खेचलं जाणार, आणि मज्जातंतूंवर जे आवरण असतं, वायरीवर असतं तसं, ते जागोजागी उडणार.

"वायरीचं आवरण गेलं तर मग काय, शॉर्ट," आमचे मालक म्हणाले. सोडियमचा विषय त्यांच्या हद्दीत आल्यावर त्यांना बरं वाटलं.

मॅडम म्हणाल्या, तसंच. बोलता येत नाही, गिळता येत नाही, हातपाय चालत नाहीत. आणि ते लगेच दिसत नाही. काही दिवसांनी दिसतं, कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा.

दादानं मान हलवली. मला वाटलं त्याला कळलं.

तीन चौकोन

काही माणसं घाबरली की देवापुढं बसतात. आमची ऋतुजा लॅपटॉपपुढं बसते. गणितात एम.एस्सी. करते. मला वॉर्डात हलवलं त्या दिवशी ती खाटेच्या पायथ्याशी बसून तीन चौकोन काढत होती. एक रक्ताचा, एक मेंदूचा, एक मज्जातंतूंचा. मध्ये बाण. किती पाणी जातं, किती लघवीवाटे येतं, सलाईन किती, हे सगळं ती त्यात घालायची आणि पुढच्या रिपोर्टचा आकडा आधीच सांगायची. याला मॉडेल म्हणतात. मी विचारलं, याचा उपयोग काय? ती म्हणाली, आई, मला काहीतरी करू दे. मग मी तिला करू दिलं.

पहिला आकडा बरोबर आला. दुसराही. नर्सबाईसुद्धा रक्त घ्यायला आल्या की तिला विचारायला लागल्या, काय गं, किती येईल आता?

तिसऱ्याला घोटाळा झाला. रेघ एकीकडं, आकडा भलतीकडं, बराच वर. ऋतुजानं सगळं परत तपासलं. मग लॅबवाल्यांवर घसरली, नमुना बदलला म्हणाली. पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. चोवीस तासांत आठाच्या जागी चौदा.

मॅडम धावतच आल्या. सलाईन काढून दुसरी बाटली लावली, नुसती साखरपाण्याची. लघवी रोखायचं इंजेक्शन दिलं. आणि मला म्हणाल्या, पाणी प्या. काल ज्या घोटासाठी मी जीव टाकत होते, तो आज तांब्यानं समोर, आणि आता घशाखाली उतरेना.

गोळी बंद झाली की शरीर साठलेलं पाणी आपणहून भराभर टाकतं, त्यानंही आकडा चढतो, असं मॅडम म्हणाल्या. ते त्यांनी गृहीत धरलं होतं. पण एवढा? त्यांनी खाटेभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, ह्यांना दवाखान्याच्या जेवणाशिवाय काय दिलंय?

मग आत्तींनी पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत कागदाची पुडी. अंबाबाईच्या अंगाऱ्याबरोबर चिमूट-चिमूट मीठ त्या मला जिभेवर ठेवत होत्या. सकाळ-दुपार-संध्याकाळ.

"देवाचं समजून खाल्लं तिनं," त्या म्हणाल्या.

आमचे मालक खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून ताक आणलं होतं, मीठ जादा घालायला सांगून. पाणी बंद आहे, ताक कुठं बंद आहे, असा त्यांचा हिशेब.

आणि दादा. आमच्याकडं आजाऱ्याला अळणी देतात, म्हणजे मटण शिजवल्यावरचं वरचं पाणी, नावाप्रमाणंच बिनमिठाचं. दादाच्या दुसऱ्या खेपेला वहिनीनं मुरगूडहून डबा भरून दिला होता. दादानं वाटेत बस थांबली तिथल्या हॉटेलातून चमचाभर मीठ मागून त्यात टाकलं होतं. मी तो सगळा डबा प्यायले होते. दोन महिन्यांनी जिभेला मीठ लागलं होतं. विचारायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी विचारलं नसतं.

तिघांनी तीन वाटांनी, एकमेकांना न सांगता. प्रत्येकाला वाटलं, आपण थोडंच देतोय.

ऋतुजा रडवेली होऊन लॅपटॉपकडं बघत होती. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "तुझं गणित बरोबर आहे. तू त्यात नातेवाईक धरले नाहीस."

ती नाक पुसत चौथा चौकोन काढायला लागली. खरंच काढला. त्यातून रक्ताकडं तीन बाण.

वाट बघणं

आकडा खाली आणला, मग पुन्हा सावकाश चढवला, यावेळी मॅडमच्या चालीनं. पण ते चौदा व्हायचे ते होऊन गेले होते. आवरणाला काही झालंय का, ते दिवस गेल्याशिवाय कळणार नव्हतं. दोन आठवडे लक्ष ठेवायचं. बोलणं जड वाटलं, पाणी पिताना ठसका लागला, हातातून वस्तू पडली, तर लगेच यायचं. असं सांगून मला घरी सोडलं.

दवाखान्यात मी घाबरले नव्हते एवढी घरी घाबरले. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी जीभ हलवून बघायची. आमचे मालक तोपर्यंत उशाशी येऊन बसलेले असायचे. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी सकाळी चहाशिवाय कुठल्या विषयावर बोललेला नाही. आता रोज म्हणायचे, काहीतरी बोल. काय बोलू? तर म्हणे, वार सांग. मी वार सांगितले की महिने. महिने झाले की गल्लीतली घरं ओळीनं. एकदा मी वैतागून त्यांच्या आई-बहिणींवर घसरले, तर म्हणाले, उच्चार स्पष्ट हाय.

आत्तींनी स्वयंपाकघर हातात घेतलं. मिठाचा डबा ऋतुजाच्या ताब्यात, ती चमच्यानं मोजून देणार, अशी व्यवस्था झाली. मिठासाठी नातीपुढं हात पसरायला लागला म्हणून आत्ती धुसफुसायच्या, पण पसरायच्या. जेवताना मला ठसका लागला की घरात तिघांचेही हात थांबायचे. तिखटानं लागलाय, असं मला ओरडून सांगायला लागायचं.

दादा मात्र येईना. एरवी आठवड्याला एक फेरी, दूध, काकड्या, काहीतरी घेऊन. फोन रोज करायचा, पण स्वतः काही बोलायचा नाही. बोल की काहीतरी, म्हणायचा, आणि गप्प ऐकत राहायचा. मी सांगायचे, अरे मॅडम म्हणाल्या, किती तुझ्या मिठानं चढलं, किती आत्तींच्या, किती शरीरानंच चढवलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. तो म्हणायचा, व्हय. आणि फोन ठेवायचा.

एके दुपारी वहिनीचा फोन आला. आवाज दबका. "ताई, तुमचा भाऊ दवाखान्यातून आल्यापासनं अळणी जेवतोय. तुमचं बोलणं चालणं नीट हाय म्हणून डॉक्टर सांगत न्हाईत तवर मीठ तोंडात घालणार न्हाय म्हणतोय. मे महिन्याच्या उन्हात उसाला पाणी पाजतोय. काल बांधावर भोवळ येऊन बसला."

मला एवढा राग आला की बोलता येईना. त्या पंधरवड्यात माझी जीभ अडली ती तेवढी एकदाच. मी फोन लावला. दादानं उचललाच नाही. नवस बोललेल्या माणसाशी वाद घालता येत नाही हे त्यालाही माहीत, मलाही. डॉक्टर सांगेपर्यंत म्हणजे डॉक्टर सांगेपर्यंत.

मी मॅडमना गाठून सांगितलं, माझी तपासणी आधी करा. कशाला, काही होतंय का? मला काही होत नाहीये, मुरगूडला होतंय. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या कपाळाला हात लावून बसल्या. तारीख पुढं आणता येत नाही, म्हणाल्या, पण त्यांनी दादाला स्वतः फोन केला आणि निदान ताकात मीठ घ्यायला सांगितलं. दादानं त्यांना नम्रपणे व्हय मॅडम, व्हय मॅडम म्हटलं आणि घेतलं नाही. वहिनीनं मग त्याला दुपारच्या उन्हात रानात सोडायचं बंद केलं. चपला लपवून ठेवल्या. तेवढंच तिच्या हातात होतं.

तपासणीचा दिवस आला. मॅडमनी मला डोळे मिटून उभं केलं, सरळ रेषेत चालवलं, बोटानं नाकाला शिवायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, ग्लासभर पाणी एका दमात प्यायला लावलं. सोडियम एकशे अडतीस. ऋतुजानं एकशे सदतीस सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, आता काही होणार नाही.

मी मुरगूडला फोन केला नाही. करा, करा, असं सगळे म्हणत होते. फोनवर तो व्हय म्हणून ठेवून देईल आणि खाल्लं की नाही मला दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं मी आणि आमचे मालक मुरगूडला गेलो. दादा गोठ्यात धार काढत होता. गाल आत गेलेले. मला बघून उठला, चरवी हातातच. मी तिथूनच सुरू केलं. अक्कल गहाण ठेवलीस का, इथपासून जे सुरू केलं ते, आई असती तर तिनं तुला या म्हशीबरोबर बांधला असता, वहिनीच्या जिवाला घोर, पोरांची लग्नं व्हायचीत, भोवळ येऊन हिरीत पडला असतास तर मी कुठल्या तोंडानं बोलले असते, असं बोलत बोलत त्याच्यामागून घरात गेले. वहिनीनं ताट वाढलं. मी स्वतः मिठाचा डबा काढला, ताटाच्या कडेला मीठ ठेवलं, आणि बोलतच राहिले. मध्ये दम घ्यायलाही थांबले नाही.

दादा भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होता. शेवटी मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "बोल, बोल. अजून बोल."

मग त्यानं तुकडा मिठाला लावला.